स्क्रिप्टला एचटीटीपीएस कळतं कसं, आणि त्या कळण्यावर विसंबायचं किती

प्रश्न थोडक्यात असा. पीएचपीत लिहिलेली साइट आहे. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला स्क्रिप्ट पाहते की विनंती एचटीटीपीएसवरून आली आहे का. नसेल तर त्याच पत्त्याच्या एचटीटीपीएस रूपाकडे रीडायरेक्ट करते. जुन्या सर्व्हरवर हे बिनतक्रार चालायचं. साइट लोड बॅलन्सरमागे (विनंत्या आधी स्वतः घेऊन मागच्या सर्व्हरकडे पाठवणाऱ्या यंत्रणेमागे) हलवल्यापासून मात्र ब्राउझर ‘फार वेळा रीडायरेक्ट झालं’ असं सांगून थांबतो. सर्टिफिकेट वैध आहे, पत्ताही एचटीटीपीएसचाच आहे. मग चुकतंय कुठे, आणि जोडणी सुरक्षित आहे की नाही हे ओळखायची खात्रीची पद्धत कोणती?

तुमची तपासणी खोटं बोलत नाहीये. ब्राउझरपासून लोड बॅलन्सरपर्यंतचा टप्पा एन्क्रिप्टेड आहे, पण टीएलएस, म्हणजे ते एन्क्रिप्शन, तिथेच संपतं आणि पुढे तुमच्या सर्व्हरपर्यंत विनंती साध्या एचटीटीपीने येते. स्क्रिप्टला दिसतो तो एवढाच शेवटचा टप्पा. ती ब्राउझरला एचटीटीपीएसवर जायला सांगते. ब्राउझर आधीच तिथे असतो, तरी सांगितल्याप्रमाणे पुन्हा येतो. लोड बॅलन्सर पुन्हा साध्या एचटीटीपीने विनंती पुढे ढकलतो. ब्राउझर कंटाळेपर्यंत हे चालतं.

दुरुस्ती दोन-तीन ओळींची आहे. पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण या विषयातले बहुतेक घोळ तिच्याकडे काणाडोळा केल्याने होतात. नेहमीच्या मांडणीत स्क्रिप्ट जोडणी स्वतः पाहतच नाही. सॉकेट उघडणं, टीएलएसचा हँडशेक उरकणं ही कामं वेब सर्व्हर करतो आणि काही नोंदी स्क्रिप्टच्या हाती ठेवतो. स्क्रिप्टकडे जे काही असतं ते सगळं सांगोवांगी. त्यामुळे ‘जोडणी सुरक्षित आहे का’ याच्या आधी ‘हे मला कोण सांगतंय, आणि त्याला ते ठाऊक असायचं कारण आहे का’ हे विचारावं लागतं.

मध्ये कोणी नाही, ब्राउझर थेट तुमच्या वेब सर्व्हरशी बोलतोय, अशी मांडणी असेल तर काम सोपं आहे. पीएचपीच्या सर्व्हर ॲरेत, म्हणजे वेब सर्व्हरने दिलेल्या नोंदींच्या यादीत, एचटीटीपीएस नावाची नोंद असते. जोडणी सुरक्षित असेल तर तिच्यात काहीतरी रिकामं नसलेलं मूल्य असतं; अपाचे या वेब सर्व्हरचं एसएसएल मॉड्यूल तिथे ‘ऑन’ लिहितं. पण ‘नोंद आहे, म्हणजे सुरक्षित’ असं धरू नका. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर पीएचपी चालत असेल तर असुरक्षित जोडणीतही ही नोंद हजर असते आणि तिचं मूल्य असतं ‘ऑफ’. पीएचपीच्या दृष्टीने ‘ऑफ’ ही रिकामी नसलेली स्ट्रिंग, म्हणजे खरीच. म्हणून तपासणी दोन अटींची हवी: नोंद रिकामी नाही, आणि लहान अक्षरांत बदलून पाहिली तर ती ‘ऑफ’ नाही.

एन्जिनएक्स या वेब सर्व्हरवर पीएचपी फास्टसीजीआयने (सर्व्हरने वेगळ्या चालणाऱ्या पीएचपीशी बोलायच्या पद्धतीने) चालतं. तिथे ही नोंद आपोआप येत नाही, सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमधून पाठवावी लागते. एन्जिनएक्ससोबत येणाऱ्या फास्टसीजीआयच्या तयार फाइलमध्ये ती ओळ असते, आणि जोडणी सुरक्षित असेल तरच नोंद जाईल अशी अटही असते. कोणीतरी आपली स्वतःची फाइल लिहून ती ओळ गाळली असेल, तर मात्र एचटीटीपीएस चालू असूनही पीएचपीला त्याचा पत्ता नसतो. लोड बॅलन्सर नसतानाही रीडायरेक्टचं चक्र सुरू झालं, तर आधी तिथे पाहा.

पोर्ट ४४३ आहे का हे पाहण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. वर्डप्रेसचं याच कामाचं फंक्शनसुद्धा एचटीटीपीएसची नोंद नसेल तर पोर्टकडे वळतं. मला ही तपासणी कधीच पटलेली नाही. ४४३ हा प्रघात आहे, एन्क्रिप्शनचा पुरावा नाही. एचटीटीपीएस ८४४३ वरही चालतं आणि कोणी ठरवलंच तर ४४३ वर साधं एचटीटीपीही चालवता येतं. शिवाय अपाचेमध्ये कॅनॉनिकल नाव आणि प्रत्यक्ष पोर्ट वापरण्याच्या दोन्ही सेटिंग्ज चालू नसतील, तर पोर्टची ही नोंद विनंतीतल्या होस्ट हेडरवरून (हेडर म्हणजे विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) बनू शकते, म्हणजे विनंती पाठवणाऱ्याच्या हातात जाते. पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्येच बजावलंय की सुरक्षेचा प्रश्न असेल तिथे या मूल्यावर विसंबू नका. रिक्वेस्ट-स्कीम नावाची नोंद त्या मानाने बरी, अपाचे २.४ आणि एन्जिनएक्सची तयार फाइल दोन्ही ती देतात. पण सगळीकडे मिळेलच असं नाही.

आता तुमच्या मांडणीकडे. पुढे प्रॉक्सी (विनंत्या पुढे पाठवणारा मधला सर्व्हर), लोड बॅलन्सर किंवा सीडीएन (पानांच्या प्रती ठेवून वाटणारं सर्व्हरांचं जाळं) आहे आणि टीएलएस तिथेच संपतंय. मूळ जोडणी कशी होती हे त्यालाच माहीत, आणि ते तो एका हेडरमधून मागे कळवतो. सर्वांत रुळलेलं नाव एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो. मूल्य ‘एचटीटीपी’ किंवा ‘एचटीटीपीएस’. हे नाव कुठल्याही मानकाने ठरवलेलं नव्हतं, वापरातून रूढ झालं. २०१४ च्या जूनमध्ये आरएफसी ७२३९ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाने फॉरवर्डेड नावाचं रीतसर हेडर आणलं, पण वापरात आजही जुनंच जास्त दिसतं. याखेरीज मायक्रोसॉफ्टच्या जुन्या उत्पादनांचं फ्रंट-एंड-एचटीटीपीएस, कुठे एक्स-फॉरवर्डेड-एसएसएल, क्लाउडफ्लेअरचं सीएफ-व्हिजिटर, असे भाऊबंद आहेत. पीएचपीत हे हेडर सर्व्हर ॲरेतच येतं: सुरुवातीला ‘एचटीटीपी’ लागतं, सगळी अक्षरं मोठी होतात आणि मधल्या आडव्या रेघांचे अंडरस्कोअर होतात.

मग इंटरनेटवर सर्रास फिरणारं फंक्शन असं असतं: एचटीटीपीएसची नोंद ‘ऑन’ असेल, किंवा पोर्ट ४४३ असेल, किंवा एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो ‘एचटीटीपीएस’ असेल, किंवा एक्स-फॉरवर्डेड-एसएसएल ‘ऑन’ असेल, तर ‘सुरक्षित’. ते चिकटवलं की चक्र थांबतं, आणि म्हणूनच ते लोकप्रिय आहे. पण त्यात सगळे साक्षीदार ‘किंवा’ने जोडलेत. कोणीही एकाने हो म्हटलं की निकाल हो. आणि हेडर लिहायला प्रॉक्सीच लागतो असं थोडंच आहे? विनंती पाठवणारा कोणीही ते लिहू शकतो. कर्ल या कमांड लाइनवरून विनंत्या पाठवायच्या साधनाच्या एका आज्ञेत हव्या त्या नावाचं, हव्या त्या मूल्याचं हेडर जोडता येतं.

हे नुसतं पुस्तकी भय नाही. जुलै २०१५ मध्ये क्रोम ४४ आलं. त्यात ब्राउझर पान उघडण्याच्या प्रत्येक विनंतीसोबत एचटीटीपीएस नावाचं एक हेडर, मूल्य १, पाठवू लागला. अर्थ एवढाच की मला सुरक्षित पान चालेल, असेल तर द्या. सीजीआयच्या (सर्व्हरने स्क्रिप्टला नोंदी द्यायच्या पद्धतीच्या) नियमाने ते स्क्रिप्टपर्यंत पोचलं ‘एचटीटीपी’ जोडून. आणि वर्डप्रेसच्या काही प्लगइनांमध्ये, वूकॉमर्ससुद्धा त्यात आलं, नेमकं त्या नावाचं मूल्य दिसलं की जोडणी सुरक्षित मानायची, अशी तपासणी होती. परिणाम असा की ज्या साइटवर सर्टिफिकेटच नाही त्यांची स्टाइलशीट आणि स्क्रिप्टच्या फाइलींचे पत्ते एचटीटीपीएसचे बनू लागले आणि पानं मोडून पडली. कोणी हल्ला केला नव्हता, ब्राउझरने भाबडेपणाने एक हेडर पाठवलं होतं. पुढे क्रोमने त्याचं नाव बदलून अपग्रेड-इनसिक्युअर-रिक्वेस्ट्स केलं, जे आजही पान उघडण्याच्या विनंतीच्या तपशिलात दिसतं.

जाणूनबुजून खोटं हेडर पाठवणाऱ्याला काय साधतं, हेही पाहू. एचटीटीपीवर येऊन ‘मी एचटीटीपीएसवर आहे’ म्हणणारा स्वतःपुरता रीडायरेक्ट चुकवतो. त्याने फार बिघडत नाही. उलटी खोडी जास्त वाईट. साइट सीडीएनमागे आहे, विनंती खरोखर एचटीटीपीएसने येते, पण सोबत खोटं हेडर ‘एचटीटीपी’ म्हणतं. मध्ये कोणी ते पुसलं नाही तर स्क्रिप्ट त्याच पत्त्याकडे रीडायरेक्ट देते. हे उत्तर सीडीएनने कॅशमध्ये ठेवलं, की त्या पानावर येणारा प्रत्येक जण त्याच त्या पत्त्याकडे फिरत राहतो. एका विनंतीत पान सगळ्यांसाठी बंद.

म्हणून हेडर वाचायचं ते दोन अटींवर, आणि दोन्ही स्क्रिप्टच्या बाहेर पूर्ण व्हायला हव्यात. पहिली: प्रॉक्सीने बाहेरून आलेलं हेडर फेकून देऊन स्वतःचं लिहिलं पाहिजे. एन्जिनएक्स प्रॉक्सी म्हणून वापरताना तुम्ही सांगितलं नाही तर तो हे हेडर लिहीत नाही, आणि ब्राउझरकडून आलेलं जसंच्या तसं पुढे पाठवतो. ती ओळ कॉन्फिगरेशनमध्ये हाताने लिहावी लागते. दुसरी: तुमच्या सर्व्हरपर्यंत प्रॉक्सीला वळसा घालून कोणाला पोचता येता कामा नये. फायरवॉलने फक्त प्रॉक्सीचे आयपी पत्ते येऊ द्या, किंवा सर्व्हर खासगी नेटवर्कवरच ठेवा. हे करता येत नसेल तर निदान स्क्रिप्टमध्ये समोरच्या जोडणीचा आयपी पत्ता, म्हणजे रिमोट-ॲड्रेस, ओळखीच्या प्रॉक्सींच्या यादीत आहे का हे पाहा आणि असेल तरच हेडरकडे बघा. तो पत्ता सॉकेटवरून येतो, हेडरमधून नाही. म्हणून त्याला वजन आहे. मात्र अपाचेचं रिमोट-आयपी मॉड्यूल किंवा एन्जिनएक्सचं रिअल-आयपी चालू असेल तर ते हा पत्ता बदलून तिथे मूळ पाहुण्याचा ठेवतात, आणि तुमची तुलना गुपचूप फसते.

एक बारकावा अंडरस्कोअरचा. हेडरच्या नावातली आडवी रेघ आणि अंडरस्कोअर, दोन्ही सीजीआयच्या नावात अंडरस्कोअरच होतात. प्रॉक्सीने रेघेचं हेडर पुसलं, पण पाठवणाऱ्याने तेच नाव अंडरस्कोअरने लिहिलं असेल, तर स्क्रिप्टला दोन्ही सारखेच दिसतात. एन्जिनएक्स अंडरस्कोअरवाली हेडरं मुळातच टाकून देतो, अपाचे २.४ ही ती स्क्रिप्टपर्यंत नेत नाही. कोणी ‘एपीआय चालत नाही’ म्हणून एन्जिनएक्समधली ती सेटिंग उघडली असेल तर हे दारही सोबत उघडतं.

तुमच्या जागी मी असतो तर हा निर्णय पीएचपीत ठेवलाच नसता. अपाचेमध्ये एका ओळीत सांगता येतं: एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो बरोबर ‘एचटीटीपीएस’ असेल तर एचटीटीपीएस ही नोंद ‘ऑन’ कर. एन्जिनएक्सवर हेच मॅप नावाच्या सेटिंगने होतं. मग तुमची जुनी तपासणी, वर्डप्रेसचं फंक्शन, तिसऱ्याच कोणाची लायब्ररी, सगळे तीच एक नोंद वाचतात आणि सगळ्यांचं उत्तर सारखं येतं. कोडभर विखुरलेल्या पाच तपासण्यांपैकी चार हो म्हणतात आणि एक नाही म्हणते, तेव्हा ती शोधण्यात दुपार जाते. होस्टिंगवर सर्व्हरच्या फाइलींना हात लावता येत नसेल, तर पीएचपीतच पण सगळ्यात आधी चालणाऱ्या फाइलमध्ये हे करा. वर्डप्रेसमध्ये ती जागा म्हणजे कॉन्फिग फाइल, आणि तिच्यातही सेटिंग्जची फाइल जोडण्याच्या ओळीच्या वर.

क्लाउडफ्लेअरच्या फ्लेक्सिबल पर्यायात नेमका हाच प्रकार असतो: ब्राउझर ते क्लाउडफ्लेअर एचटीटीपीएस, तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंत साधं एचटीटीपी. हेडर वाचून चक्र थांबवता येतं, पण उघड्या इंटरनेटवरून पासवर्ड साध्या मजकुरात जात राहतात आणि वाचणाऱ्याला पत्त्यात एचटीटीपीएस दिसत राहतं. इथे तपासणी दुरुस्त करू नका. सर्व्हरवर लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं किंवा क्लाउडफ्लेअरचंच मूळ सर्व्हरसाठीचं सर्टिफिकेट बसवा आणि फुल स्ट्रिक्ट पर्याय निवडा. चक्रही जातं आणि मूळ दुखणंही.

प्रॉक्सी एकाहून अधिक असतील, समजा सीडीएन, मग एन्जिनएक्स, मग ॲप्लिकेशन, तर मधला एन्जिनएक्स हेडरमध्ये स्वतःला दिसलेली स्कीम लिहितो. सीडीएनपासून त्याच्यापर्यंत एचटीटीपी असेल तर पहिल्याने सांगितलेलं खरं मूल्य त्याने पुसलेलं असतं. अशा वेळी मधल्याने सीडीएनच्या पत्त्यांवरून आलेलं मूल्य राखायचं आणि बाकीच्यांचं बदलायचं. काही प्रॉक्सी पुसण्याऐवजी स्वल्पविराम देऊन पुढे जोडतात, आणि मग ‘एचटीटीपीएस, एचटीटीपी’ अशी स्ट्रिंग येते, जिची सरळ तुलना कधीच जुळत नाही. डावीकडचं मूल्य मूळ जोडणीचं असतं हे खरं, पण बाहेरून आलेलं कोणी पुसत नसेल तर पाठवणाऱ्याने घुसवलेलं मूल्यही डावीकडेच येऊन बसतं.

तयार फ्रेमवर्कांत आणि इतर भाषांत याच गोष्टी वेगळ्या नावांनी भेटतात. पीएचपीच्याच लॅराव्हेल आणि सिम्फनीत विश्वासू प्रॉक्सींची यादी द्यायची असते. जँगोत सिक्युअर-प्रॉक्सी-एसएसएल-हेडर ही सेटिंग आहे आणि ती विचार न करता चालू करू नका असा इशारा त्यांच्या दस्तऐवजातच आहे. फ्लास्कसाठी वर्कझॉइगचं प्रॉक्सीफिक्स, त्यात प्रॉक्सी किती आहेत ते सांगायचं. एक्सप्रेसमध्ये ट्रस्ट-प्रॉक्सी, तिथे नुसतं ‘ट्रू’ लिहिणं म्हणजे येईल त्यावर विश्वास. टॉमकॅटमध्ये रिमोट-आयपी व्हॉल्व्ह. एएसपी डॉट नेट कोअरचं फॉरवर्डेड हेडर्स मिडलवेअर मुळात फक्त त्याच यंत्रावरच्या प्रॉक्सीला मानतं. कंटेनरमध्ये टाकल्यावर ‘सगळं लावलंय तरी एचटीटीपीच दाखवतं’ अशी तक्रार येते ती बहुधा यामुळे.

आता थोडं उत्तराच्या मर्यादेविषयी. समजा सगळं नीट बसवलं आणि स्क्रिप्ट म्हणाली, सुरक्षित. याचा अर्थ तुमच्या टोकाला आलेली जोडणी एन्क्रिप्टेड आहे. वाचणाऱ्याचा ब्राउझर एन्क्रिप्टेड जोडणीवर आहे असा त्याचा अर्थ नाही. २००९ मध्ये सुरक्षा संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइकने ब्लॅक हॅट परिषदेत एसएसएलस्ट्रिप हे साधन दाखवलं ते याच फटीवर. मधला हल्लेखोर ब्राउझरशी साध्या एचटीटीपीने बोलतो आणि तुमच्याशी रीतसर एचटीटीपीएसने. तुमच्या बाजूला सगळं कसं हिरवंगार. स्क्रिप्टमधल्या कुठल्याही तपासणीने हे पकडता येत नाही, कारण स्क्रिप्टच्या हाती येणारी प्रत्येक नोंद खरी असते.

यावरचा उपाय ब्राउझरकडे आहे, एचएसटीएस. आरएफसी ६७९७, नोव्हेंबर २०१२. सुरक्षित उत्तरासोबत स्ट्रिक्ट-ट्रान्सपोर्ट-सिक्युरिटी हेडर द्यायचं. त्यातल्या मुदतीपुरता ब्राउझर त्या डोमेनकडे साध्या एचटीटीपीने जायचंच नाकारतो. साध्या एचटीटीपीवर आलेलं हे हेडर ब्राउझर दुर्लक्षित करतो, तेव्हा ते तिथे पाठवण्यात अर्थ नाही. मुदत सेकंदांत असते. सुरुवात ३०० ने करा, सगळं नीट चालतंय दिसलं की वर्षावर, म्हणजे ३१५३६००० वर न्या. उपडोमेनांना लागू करण्याआधी कुठलं विसरलेलं उपडोमेन अजून एचटीटीपीवर आहे का ते शोधा, कारण दिलेलं वचन ब्राउझरांच्या स्मृतीतून पटकन परत घेता येत नाही.

कुकीच्या बाबतीतही तपासणीवर विसंबू नका. ‘सुरक्षित असेल तर सिक्युअर हा गुण लाव’ असं अटीने लिहिण्याऐवजी सत्राच्या कुकीला तो (कुकी फक्त एचटीटीपीएसवरूनच पाठव असं ब्राउझरला सांगणारा) गुण कायम लावा. साइट पूर्ण एचटीटीपीएसवर असेल तर अटीला काम काय? मागचा टप्पा साधा एचटीटीपी असला तरी पीएचपीला अडचण नाही, कुकी शेवटी ब्राउझरकडे एचटीटीपीएसने पोचते. एक्सप्रेसचं सत्राचं मॉड्यूल मात्र वेगळं वागतं: विनंती सुरक्षित आहे असं त्याला वाटलं नाही तर ते अशी कुकी पाठवतच नाही. ना एरर, ना इशारा. लॉगिन होतं आणि पुढच्या पानावर माणूस पुन्हा बाहेर. कारण तेच, ट्रस्ट-प्रॉक्सी.

रीडायरेक्टही शक्य तर सर्व्हरवर किंवा लोड बॅलन्सरवरच हलवा. पोर्ट ८० वर दुसरं काहीच ठेवायचं नाही, फक्त लेट्स एन्क्रिप्टच्या पडताळणीची वाट मोकळी. चाचणीच्या काळात ३०२ (तात्पुरता रीडायरेक्ट) वापरा, कारण ३०१ (कायमचा) ब्राउझर मनात धरून ठेवतात. फॉर्मची पोस्ट विनंती ३०१ ने वळवली तर बहुतेक ब्राउझर तिची गेट करतात आणि भरलेला मजकूर गळतो. ३०८ ने पद्धत टिकते. पण तोवर तो मजकूर एकदा उघड्यावरून गेलेलाच असतो. एपीआयसाठी म्हणूनच मी रीडायरेक्ट देत नाही, सरळ ४०३ (मनाई) देतो. रीडायरेक्ट दिला तर चुकीचा पत्ता लिहिलेला क्लायंट वर्षानुवर्षं प्रत्येक खेपेला टोकन उघड पाठवत राहतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) किंवा कमांड लाइनवर चालणाऱ्या स्क्रिप्टला विनंतीच नसते, त्यामुळे यातली एकही नोंद नसते. रात्रीच्या ईमेलमधल्या दुव्यांत एचटीटीपी येतं ते तिथून. साइटचा पूर्ण पत्ता कॉन्फिगरेशनमध्ये लिहून ठेवा आणि दुवे त्यावरूनच बनवा. पासवर्ड बदलायच्या दुव्यासाठी तर होस्ट हेडर अजिबात वापरू नका, तेही पाठवणाऱ्याच्याच हातचं.

बदल केल्यावर तपासून पाहायला कर्ल पुरे. एचटीटीपीएसचा पत्ता मागवा, २०० (म्हणजे पान नीट मिळालं) यायला हवा. एचटीटीपीचा मागवा, एकच रीडायरेक्ट यायला हवा. मग एचटीटीपीच्या विनंतीला एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो ‘एचटीटीपीएस’ जोडा. तरीही रीडायरेक्टच मिळाला पाहिजे. एचटीटीपीएसच्या विनंतीला ‘एचटीटीपी’ जोडा. तरीही २०० च. पण ही खोटी विनंती करताना पत्त्याच्या शेवटी एखादा निरर्थक क्वेरी पॅरामीटर लावा, नाहीतर चाचणीच्या नादात स्वतःच्याच साइटच्या कॅशमध्ये रीडायरेक्ट जाऊन बसेल. शेवटी बाहेरच्या नेटवर्कवरून सर्व्हरच्या थेट आयपी पत्त्यावर, प्रॉक्सीला बाजूला ठेवून, जोडायचा प्रयत्न करा. जोडणी झाली, तर आधीच्या चारही चाचण्या पास झाल्या असल्या तरी फायरवॉलचं काम बाकी आहे.